आजीची लुगडी आणि लाँगआर्म

डिंडोलीत कुणाला घरचा पत्ता सांगायचा असला की आम्ही आधी रेल्वेचा ओव्हरब्रिज सांगतो. पूल उतरला की सोसायट्या सुरू होतात. एका गल्लीत गुजराती ऐकू येते, पुढच्या गल्लीत भोजपुरी, आणि त्याच्या पुढच्या गल्लीत कुणीतरी दारातून ओरडत असतं, "माय वं, दूध उतू गयं!" ती आमची गल्ली.

सुरतेबाहेरच्या मंडळींसाठी थोडं सांगते. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागात खान्देशातून आलेली घरं खूप आहेत. धुळे, नंदुरबार, जळगावकडची माणसं लूमच्या खात्यांत कामाला आली आणि इथलीच झाली. खातं म्हणजे कारखाना. हा शब्द आम्ही गुजरातीतून कधी उचलला ते कुणाला आठवत नाही. उधन्याहून जळगावला जाणारा रेल्वेमार्ग सुमारे 300 किलोमीटरचा आहे आणि वाटेतलं नवापूर स्टेशन निम्मं गुजरातेत, निम्मं महाराष्ट्रात आहे. आमची घरंही साधारण तशीच. श्रावणात कानबाई बसते, रोट होतात, आणि नवरात्रात तीच माणसं रात्री गरब्याला जातात.

इथल्या बायकांच्या हातात कापड सतत असतं. रिंग रोडच्या मार्केटातल्या साड्यांचे गठ्ठे टेम्पोने गल्लीत येतात. कुणी धागा कटिंग करतं, कुणी स्टोन चिकटवतं, कुणी लेस लावतं. दुपारी ओट्यावर बसलेल्या चारजणींच्या मांडीवर चार रंगांच्या साड्या असतात आणि त्यातली एकही त्यांची नसते. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीला गोधडी शिवायला कुठे शिकावं हे शोधत हिंडावं लागलं, हे ऐकून तुम्हाला हसू येईल. मलाही नंतर आलं.

ट्रंक आली

आजी गेल्यावर दुसऱ्या वर्षी काकांनी गावाहून तिची ट्रंक पाठवली. आत पाच लुगडी होती. नऊवारी, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली. एक हिरवं, दोन जांभळ्याकडची, एक तांबडं, आणि एक काळं, चंद्रकळेसारखं. आजीला चार मुलं. तेव्हा चार घरांत चार गोधड्या जाव्यात, असं सगळ्यांनी फोनवरच ठरवून टाकलं आणि काम माझ्याकडे आलं. "तुला शिवण येतं ना," आई म्हणाली. मला येतं ते साडीला फॉल लावणं आणि ब्लाउज सैल करणं.

त्याच आठवड्यात एडिसनला राहणाऱ्या चुलतबहिणीने एक व्हिडिओ पाठवला. ती तिथं क्विल्ट शिवायला शिकते आहे. व्हिडिओत दहा-बारा फूट लांबीची लोखंडी चौकट होती, तिच्यावर रुळांना ताणून बसवलेली रजाई, आणि तिच्यावरून चाकांवर फिरणारं शिवणयंत्र. बहीण दोन्ही हातांनी मशीनच्या मुठी धरून पेनाने लिहावं तशी कापडावर वेलबुट्टी काढत होती. खाली लिहिलं होतं, "याला लाँगआर्म म्हणतात. सुरतेत तर असणारच. शीक!"

मलाही तसंच वाटलं. जिथं रोज लाखो मीटर कापडावर काही ना काही काम होतं, तिथं हे मशीन आणि ते शिकवणारं कुणी नसेल असं कसं होईल? मी ठरवलं की आधी क्लास शोधायचा, मगच लुगड्यांना कात्री लावायची. निदान ठरवलं तरी तसं होतं.

कुणीच शिकवत नाही

सुरुवात गल्लीतूनच केली. डिंडोलीत शिवणक्लासच्या पाट्या जागोजागी आहेत. एका क्लासच्या बेनना विचारलं. तिथं ब्लाउज, ड्रेस, चणियाचोळी शिकवतात. गोधडी म्हटल्यावर त्या हसल्या. "गोदडी तो घरे ज शिखाय, बेन," म्हणाल्या. गोधडी तर घरीच शिकतात. दुसऱ्या ठिकाणी हेच उत्तर हिंदीत मिळालं. सरकारी आणि बँकांच्या स्वरोजगार प्रशिक्षणात शिवणकाम असतं, तेही कपडे शिवण्याचं. त्यांचं चूक नाही. ब्लाउज शिवून महिना चालतो, गोधडी शिवून चालत नाही.

मग कुणीतरी सांगितलं की उधन्याच्या औद्योगिक भागात क्विल्टिंगचं जॉबवर्क करणारे आहेत. बहिणीचा व्हिडिओ आणि तांबडं लुगडं पिशवीत घालून मी गेले. ते खातं बघण्यासारखं होतं. मशीनच्या एका टोकाला तीन रोल लावलेले होते. वरचं कापड, मधली फायबरची शीट आणि खालचं अस्तर. मध्ये सुयांची आडवी रांगच्या रांग. मशीन सुरू झालं की साऱ्या सुया एकदम खालीवर होतात आणि दुसऱ्या टोकाने शंकरपाळ्यांच्या नक्षीची रजाई सलग बाहेर पडत राहते. गाद्यांची कव्हरं, जॅकेटांची अस्तरं, बेडशीटं, सगळं त्यातून निघतं.

मी लुगडं दाखवलं. तिथल्या कारागिराने ते बोटांत धरलं, हलकं ताणलं आणि घडी घालून परत दिलं. "हे ताक्याचं मशीन आहे, ताई. एक नग लावायलाच दहा मीटर कापड वाया जाईल. आणि हे जुनं कापड रुळावर टिकणार नाही." लाँगआर्मचा व्हिडिओ त्याने दोनदा पाहिला. "अच्छा, इथे कापड थांबतं आणि मशीन फिरतं," तो म्हणाला. "आमच्याकडे मशीन थांबतं, कापड पळतं." पैसे कमावायला आलेल्या माणसाने माझ्यासाठी पंधरा मिनिटं दिली, याचं मला अजून अप्रूप आहे.

त्याचं ते वाक्य घरी येऊन मी शेजारच्या दादाला सांगितलं. तो कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीच्या खात्यात ऑपरेटर आहे. त्याला एका क्षणात कळलं. एम्ब्रॉयडरीतही सुयांची हेडं जागेवर असतात आणि साडी ताणून बसवलेली फ्रेम खाली डावी-उजवी, मागे-पुढे सरकते. नक्षी आधी कॉम्प्युटरवर तयार करतात, त्याला इथं पंचिंग म्हणतात. लाँगआर्मचं सगळं उलटं. साध्या घरगुती मशीनमध्ये सुई आणि मशीनचा उभा खांब यांत जेमतेम वीतभर जागा असते, म्हणून एवढी मोठी रजाई आत कोंबावी लागते. लाँगआर्मचा हात दीड-दोन फूट लांब असतो. रजाई रुळांवर ताठ असते आणि मशीनच तिच्यावरून चालतं. एक पट्टा झाला की रूळ फिरवायचा, पुढचा पट्टा समोर घ्यायचा. हात हळू चालला किंवा जोरात चालला तरी टाक्याची लांबी सारखी ठेवणारं यंत्रही त्यात असतं. महागड्या मशीनला कॉम्प्युटर जोडला की ते स्वतःच नक्षी काढतं.

दादाने मला फुकट दिलेला धडा मात्र दोऱ्याच्या ताणाचा होता. खालचा दोरा वर दिसला तर वरचा ताण जास्त. वरचा दोरा खाली गोळा झाला तर वरचा ताण कमी. तो म्हणाला, "मशीन कुठलंही असू दे. आधी चिंधीवर चालवून उलटी बाजू बघायची."

उतावळेपणा

हे सगळं ऐकूनही मी घाई केलीच. एका रविवारी दुपारी घरातल्या मशीनवर प्रयोग करायचं ठरवलं. यूट्यूबवर फ्री मोशन क्विल्टिंग बघितलं होतं. त्यात मशीनचे कापड ओढणारे दात खाली करतात, डार्निंगचा पाय लावतात आणि कापड हाताने हवं तसं फिरवतात. लाँगआर्ममध्ये वही जागेवर असते आणि पेन फिरतं. इथं पेन जागेवर आणि वही फिरवायची. नवशिक्यांनी यापासूनच सुरुवात करावी असं सगळे सांगतात, आणि चिंध्यांवर करावी असंही सांगतात. ते दुसरं मी ऐकलं नाही.

मी तांबडं लुगडं घेतलं, मापाने फाडलं. मध्ये उधन्याहून आणलेली फायबर शीट, खाली आईची जुनी साडी. ती सुरतेचीच, पॉलिएस्टरची. चार टाचण्या लावल्या आणि मशीन सुरू केलं. पहिली वीतभर सुरेख झाली. मग खालची साडी सरकायला लागली. वरचं कापड पुढे ढकललं जात होतं, खाली चुण्या पडत होत्या. मी कापड ओढलं, आणि जुनं सूत जिथं विरलं होतं तिथं टर्रकन गेलं. हातभर.

मशीन बंद केलं तेव्हा घरात कुणी काही बोललं नाही. आईने तो तुकडा उचलला, घडी घातली आणि ट्रंकेवर ठेवला. आजीचं लुगडं दुकानात परत मिळत नाही.

रात्री बहिणीला फोन केला. तिच्या तिथल्या दुकानात लाँगआर्म तासाच्या भाड्याने मिळतं, पण आधी त्यांचा क्लास केल्याशिवाय हात लावू देत नाहीत. तिने त्या क्लासात काय शिकवलं ते सांगितलं. मशीन चालवणं शेवटी आलं. आधी बराच वेळ नुसतं कापड चढवणं होतं. पाठीचं कापड चारही बाजूंनी चार-चार इंच जास्त घ्यायचं, म्हणजे चिमट्यांना धरायला जागा राहते. ते रुळांच्या पट्टीला सरळ टाचायचं, मग त्यावर मधला थर, त्यावर वरचं कापड, आणि सगळं सारखं ताणायचं, पण ढोलासारखं ताठ नाही. "क्लासमध्ये मला दोनदा परत सोडायला लावलं," ती म्हणाली. "तीन थर एकमेकांवरून सरकले नाहीत की अर्धं काम झालं, असं सांगतात."

माझे तीन थर का सरकले, ते मला तेव्हा कळलं. चार टाचण्यांवर मी ती सगळी जबाबदारी टाकली होती.

समोरच्या मावशी

दुसऱ्या दिवशी फाटका तुकडा घेऊन आई समोरच्या मावशींकडे गेली. मावशी धरणगावकडच्या. लग्न होऊन सुरतेला आल्या, पंचवीस-तीस वर्षं साड्यांचे धागे कापले. त्यांच्या घरात कॉटवर घातलेली गोधडी मी लहानपणापासून पाहत होते. तिच्यावर बसून मी त्यांच्याकडे टीव्ही बघितला आहे. ती कुणी शिवली हे विचारावं असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी सगळी हकिगत सांगितली, लाँगआर्मसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि अहिराणीत म्हणाल्या, "मशीन कसाले जोयजे वं तुले? पहिले सुई धर."

अट एकच होती. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. सुईत दोरा मी ओवायचा. दुपारी दोन ते चार, ऊन ओट्यावर असेपर्यंत.

पहिल्या दिवशी सुई हातात आलीच नाही. मावशींनी चारही लुगडी एकेक करून दारात उजेडासमोर धरायला लावली. जिथून उजेड जास्त येतो तिथं कापड विरलेलं. कासोटा जिथून जातो तो पट्टा सगळ्याच लुगड्यांत विरळ झाला होता. तो भाग वर घ्यायचा नाही, आतल्या थरात घालायचा. काठ आणि पदर मजबूत असतात, ते चौकटीला. मी ज्या तांबड्या लुगड्याची वाट लावली, तेसुद्धा त्यांनी टाकू दिलं नाही. फाटलेलं आत जाईल, चांगलं राहिलेलं ठिगळांना होईल. "गोधडीत कापड वाया जात नाही, पोरी. फक्त त्याची जागा बदलते."

पॉलिएस्टरची साडी मात्र त्यांनी बाजूला काढली. सुती कापड एकमेकाला धरून राहतं, पॉलिएस्टर घसरतं. शिवाय घाम शोषत नाही. हे सुरतेत बसून ऐकताना गंमत वाटली. आमच्या गल्लीतून जाणाऱ्या हजार साड्यांतली एकही मावशींच्या गोधडीत चालली नसती. पुढच्या पिढीला आपल्या आयांच्या साड्यांची गोधडी करायची असेल तर त्यांना हा प्रश्न येणारच. मावशींचा उपाय असा की पॉलिएस्टर घ्यायचंच असेल तर ते वरच्या बाजूला ठिगळ म्हणून लावावं, खाली आणि आत सुतीच ठेवावं, आणि कच्चे टाके नेहमीपेक्षा दुप्पट जवळ घालावेत.

मग मापं. नऊ वार म्हणजे 324 इंच. 90 इंचांचे तीन तुकडे निघतात आणि 54 इंच उरतात. दोन तुकडे शेजारी जोडले की गोधडीची एक बाजू होते. मोठ्या माणसाच्या एका गोधडीला वर आणि खाली मिळून चार तुकडे लागतात, आत भरायला आणखी. पाच लुगड्यांत, त्यातलं एक माझ्या कृपेने अर्धं फाटलेलं, चार मोठ्या गोधड्या होत नाहीत, हे मावशींनी बोटांवर मोजून पाच मिनिटांत सांगितलं. आमच्या सगळ्या घराने महिनाभर फोनवर चर्चा केली होती आणि हा हिशोब कुणी केला नव्हता. दोन मोठ्या आणि दोन लहान, असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी खोली झाडून, पुसून, जमिनीवर पाठीचं कापड पसरलं. चारही कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवले. त्यावर आतले थर, हाताने मधून कडेकडे सारखे करत. त्यावर वरचं कापड. मग लांब लांब कच्चे टाके, आधी मधून उभे, मग आडवे, मग वीतभर अंतरावर सगळीकडे. तीन तास गेले. बहिणीच्या क्लासातले रूळ, चिमटे आणि आमचे डाळीचे डबे एकच काम करत होते, हे माझ्या डोक्यात तेव्हा नीट बसलं.

नंतर धावदोरा. मावशी कडेपासून सुरुवात करतात आणि चौकोनात फिरत फिरत मध्याकडे येतात. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी बायका त्यांची कवंदी अशीच कडेपासून आत शिवत नेतात आणि कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची फुलं लावतात, हे मी नंतर वाचलं. मावशींना सांगितल्यावर त्यांना काही विशेष वाटलं नाही. "कडेपासूनच करावं लागतं. नाहीतर कड वाकडी होते."

माझा टाका पहिले दोन दिवस तांदळाएवढा यायच्या ऐवजी शेंगेएवढा येत होता. मधल्या बोटाला भोकं पडली, मग अंगुस्तान आणलं. सुई एका टाक्याला बाहेर काढायची नाही, तीन-चार टाके सुईवर घेऊन मग ओढायची, हे जमायला आठवडा गेला. मावशी उलट्या बाजूवरून बोट फिरवायच्या. त्यांना नीट दिसत नव्हतं, पण टाका मोठा झालेला बोटाला कळायचा आणि तिथून उसवायला लावायच्या. दादाने सांगितलेली उलटी बाजू इथंही होतीच.

भरूच आणि बाकीचं जग

शिकता शिकता उत्सुकता वाढली. एका सुट्टीच्या दिवशी रेल्वेने भरूचला गेलो. सुरतेहून तासाभराचा रस्ता. तिथं सुजनी होते, म्हणजे टाका न घालता केलेली रजाई. हातमागावर दोन पदरी कापड विणतात आणि विणता विणता तयार होणाऱ्या चौकोनी खणांत कापूस भरत जातात. खण विणकामानेच बंद होतो. मागावर बहुधा दोघे बसतात. काळ्या पाण्याची शिक्षा होऊन अंदमानला गेलेल्या भरूचच्या एका माणसाने ही विद्या तिथल्या कैद्याकडून आणली, असं तिथं सांगतात. आता हे काम जाणणारी घरं मोजकीच उरली आहेत. तीन थर एकमेकांना धरून ठेवायची ही तिसरीच तऱ्हा मी पाहिली.

ज्यांना घरबसल्या शोध घ्यायचा आहे त्यांच्यासाठी मला उपयोगी पडलेल्या दोन-तीन गोष्टी सांगते. मुंबईच्या गीता खंडेलवाल स्वतः क्विल्ट करतात आणि महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर त्यांचं इंग्रजी पुस्तक आहे. ते फ्रान्समधल्या क्विल्टमेनिया या प्रकाशनाने काढलं. आपल्या गावच्या गोधडीचे फोटो त्यात पाहताना छान वाटतं. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या लिंकन गावी इंटरनॅशनल क्विल्ट म्युझियम आहे, त्यांचा संग्रह इंटरनेटवर मोफत बघता येतो आणि त्यात भारतातल्या रजयाही आहेत. आपल्याकडे 2019 साली चेन्नईत इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल भरला होता. तेव्हापासून देशभरातल्या क्विल्ट करणाऱ्या बायका एकमेकींना ओळखू लागल्या आहेत. सुती वॅडिंग, फिरतं चाकू-कटर, पट्ट्या हे सामान आता भारतात घरपोच मिळतं.

लाँगआर्मच शिकायचं असेल तर मशीनच्या आधी तीन गोष्टी करून बघा. एक, कोऱ्या कागदावर पेन न उचलता वेली, गोल, लाटा काढा, रोज दहा मिनिटं. लाँगआर्म शिकवणारेही हेच करायला लावतात, कारण हाताला वाट माहीत असली की मशीन त्या वाटेने जातं. दोन, घरच्या मशीनवर दात खाली करून रुमालाएवढ्या तीन थरांवर फ्री मोशन करा, आणि प्रत्येक वेळी उलटी बाजू बघा. तीन, एक लहान दुपटं पूर्ण हाताने करा. परदेशात राहणाऱ्या मुलींनी मोठ्या क्विल्टच्या दुकानात भाड्याच्या मशीनची चौकशी करावी. हजारो डॉलरचं मशीन विकत घेण्याआधी तेवढं पुरतं.

आता कुठवर आलं आहे

पहिली गोधडी, लहान, अडीच महिन्यांत झाली. तिच्यात सुरुवातीचे टाके कुठले आणि शेवटचे कुठले हे आंधळ्यालाही कळेल. ती आत्याकडे गेली. तिने अंगावर घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "धुतलीस कशाला?" मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

दुसरी अर्धी झाली आहे. दुपारच्या वेळी आता आमच्याबरोबर गल्लीतल्या आणखी तीन मुली बसतात. त्यातली एक कॉलेजात फॅशन डिझाइन शिकते. तिने मावशींच्या हातांचे व्हिडिओ काढायला सुरुवात केली आहे. मावशींच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर त्यांनी पहिल्यांदा माझी शिवण नीट पाहिली आणि एक अख्खी ओळ उसवायला सांगितली, जी आधी बोटाने पास केली होती.

लाँगआर्मचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. बहिणीचा हट्ट होता की काळं लुगडं आणि उरलेलं जांभळं तिच्याकडे पाठवावं, ती मशीनवर करेल. मला ते पटत नव्हतं. मशीनमध्ये आजीचं लुगडं फाटलेलं मी एकदा पाहिलं होतं. मी टाळत राहिले. शेवटी मावशींनाच विचारलं. त्यांनी व्हिडिओ परत बघितला, या वेळी दोन्ही डोळ्यांनी. रुळावर कापड कसं धरलं आहे ते थांबवून थांबवून पाहिलं.

"चांगलं धरलंय," म्हणाल्या. "ओढत नाहीये. पण वरचं आपण इथं जोडून देऊ. विरलेलं कुठलं, ते तिला नाही कळायचं."

मग तसंच ठरलं. वरची बाजू आम्ही इथं ओट्यावर जोडली, विरलेल्या जागी मागून पातळ सुती अस्तर लावून, पदर मध्ये आणि काठ चौकटीला. पाठीसाठी जांभळं घेतलं. ते मापताना मी चारही बाजूंना चार-चार इंच जास्त ठेवायला लागले तेव्हा मावशींनी हात धरला. एवढं कापड वाया? मी त्यांना चिमट्यांचं सांगितलं. त्यांनी विचार केला आणि त्या चार इंचांच्या जागी लुगड्याऐवजी साध्या मांजरपाटाच्या पट्ट्या जोडायला लावल्या. शिवून झालं की पट्ट्या कापून टाकता येतील, आजीचं काही कापावं लागणार नाही. बहिणीने तिच्या दुकानातल्या शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. चालतं, असं त्यांनी कळवलं.

बहीण दिवाळीत येणार आहे. आधी डिंडोलीत आठ दिवस राहणार, मग गावी जाणार. जोडलेलं कापड घडी करून ट्रंकेत ठेवलं आहे, ते ती सोबत घेऊन जाईल. मावशींनी तिच्यासाठी एक दुपटं कच्च्या टाक्यांनी तयार करून ठेवलं आहे. मशीन शिकली असली तरी एक कड तिने हाताने घालायची आहे. आणि सुईत दोरा तिचा तिने ओवायचा, हेही त्यांनी आधीच सांगून टाकलं आहे.